तेरावे वर्ष आणि कराची सूट

दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांनी अमेरिकेतील महाविद्यालये भरून गेली होती. त्याच काळात, १९४७ साली, अध्यक्ष ट्रुमन यांनी नेमलेल्या उच्च शिक्षण आयोगाचा अहवाल प्रसिद्ध झाला. सार्वजनिक शिक्षण बारावीच्या उंबरठ्यावर थांबवू नये, तेरावे आणि चौदावे वर्षही शाळेच्या वर्षांप्रमाणेच विनाशुल्क असावे आणि त्यासाठी ठिकठिकाणी ‘कम्युनिटी कॉलेजे’ उभारावीत, अशी शिफारस या आयोगाने केली. भांडवलशाहीच्या माहेरघरात सरकारी आयोगाने केलेली ही शिफारस आज वाचताना आश्चर्य वाटते. त्या काळात ती कोणाला फारशी जहाल वाटली नसावी.

कॉलेजे उभी राहिली. पण विनाशुल्कतेचे आश्वासन कागदावरच राहिले. पुढे जवळजवळ पन्नास वर्षांनी, जून १९९६ मध्ये, प्रिन्स्टन विद्यापीठातील समारंभात अध्यक्ष क्लिंटन यांनी तेरावे-चौदावे वर्ष सर्वांसाठी खुले करण्याचा संकल्प पुन्हा उच्चारला. संकल्प जुनाच असला तरी साधन बदलले होते. मोठ्या सरकारचे युग संपल्याचे याच अध्यक्षांनी त्याच वर्षाच्या जानेवारीत जाहीर केले होते. तेव्हा सरकारने कॉलेजांची फी भरण्याचा मार्ग त्यांनी घेतला नाही. पालकांनी फी भरावी आणि तिचा काही भाग पुढच्या वर्षी प्राप्तिकरातून वजा करून घ्यावा, हा मार्ग त्यांनी निवडला. ऑगस्ट १९९७ च्या करविषयक कायद्याने ‘होप’ आणि ‘लाइफटाइम लर्निंग’ अशा दोन करसुटी अस्तित्वात आल्या. त्यांतील ‘होप’ सुटीची जागा २००९ पासून अधिक उदार अशा ‘अमेरिकन ऑपॉर्च्युनिटी’ सुटीने घेतली आणि डिसेंबर २०१५ मध्ये ती कायम करण्यात आली.

हक्काचे रूपांतर सवलतीत झाले की काय घडते, हे पाहण्यासाठी या सुटींच्या एका आडकोपऱ्यात जावे लागते. तो कोपरा म्हणजे शाळेत असतानाच कॉलेजचे विषय शिकणाऱ्या मुलामुलींचा. अमेरिकेत नववी ते बारावी ही चार वर्षे ‘हायस्कूल’मध्ये जातात. आपल्याकडे अकरावी-बारावीला कनिष्ठ महाविद्यालय म्हणतात, तसा प्रकार तिथे नाही. शाळा ती शाळा आणि कॉलेज ते कॉलेज. मात्र या दोहोंमध्ये गेल्या चाळीस वर्षांत एक पूल बांधला गेला आहे. अकरावी-बारावीतील (कुठे कुठे नववी-दहावीतीलही) विद्यार्थी जवळच्या कम्युनिटी कॉलेजात जाऊन, किंवा आपल्याच शाळेत बसून, कॉलेजचा एखादा विषय शिकतो. उत्तीर्ण झाल्यास त्याला शाळेचे आणि कॉलेजचे असे दोन्ही श्रेयांक मिळतात. यास ‘ड्युअल एन्रोलमेंट’, म्हणजे दुहेरी प्रवेश, असे म्हणतात. २०१०-११ या शैक्षणिक वर्षात असे सुमारे १४ लक्ष विद्यार्थी होते. २०२२-२३ मध्ये हा आकडा २५ लक्षांच्या जवळ पोहोचला, आणि कम्युनिटी कॉलेजांतील साधारण दर पाच विद्यार्थ्यांमागे एक आज शाळकरी आहे.

श्रमिकांच्या मुलांच्या दृष्टीने या पुलाचे महत्त्व मोठे आहे. ज्याच्या घरात कोणीही कॉलेजची पायरी चढलेले नाही, त्या मुलाला सर्वांत मोठी भीती फीची नसते. ती असते आपण तिथे शोभू की नाही याची. सोळाव्या वर्षीच कॉलेजचा एक विषय उत्तीर्ण झाला की ती भीती ओसरते, आणि पुढे पदवीसाठी द्यावा लागणारा काळ व पैसा दोन्ही कमी होतात. शाळा आणि कॉलेज यांची सांगड घालणाऱ्या ‘अर्ली कॉलेज’ शाळांत काही ठिकाणी चिठ्ठ्या टाकून प्रवेश दिले गेले. तेथे चिठ्ठी निघालेल्या व न निघालेल्या मुलांची तुलना झाली असता, निघालेली मुले पदवी मिळवण्यात स्पष्टपणे पुढे गेल्याचे आढळले. तेव्हा ही केवळ हुशार मुलांची हौस आहे, असे म्हणून विषय झटकून टाकता येत नाही.

आता प्रश्न असा की या मुलांच्या फीला कराची सूट मिळते काय? ‘अमेरिकन ऑपॉर्च्युनिटी’ सूट वर्षाला २,५०० डॉलरपर्यंत मिळते. पहिल्या २,००० डॉलरच्या खर्चावर शंभर टक्के आणि पुढच्या २,००० वर पंचवीस टक्के, असा तिचा हिशेब आहे. परंतु विद्यार्थी पदवीच्या किंवा मान्यताप्राप्त प्रमाणपत्राच्या अभ्यासक्रमात दाखल झालेला असावा आणि किमान निम्मा वेळ तरी शिकत असावा, अशा तिच्या अटी आहेत. शाळकरी विद्यार्थी कॉलेजच्या दप्तरी बहुधा पदवीचा उमेदवार म्हणून नोंदलेला नसतो, आणि एकदोन विषयांनी निम्मा वेळ भरतही नाही. साहजिकच मोठ्या सुटीचे दार त्याच्यासाठी बंद होते. राहिली ‘लाइफटाइम लर्निंग’ सूट. तिला पदवीची अट नाही, म्हणून हिशेबनीस या पालकांना तिच्याकडे बोट दाखवतात. तिच्यात फीच्या वीस टक्के रक्कम मिळते आणि कमाल मर्यादा २,००० डॉलरची आहे, तीही सबंध कुटुंबाच्या विवरणपत्रामागे; मुले किती हा प्रश्न तिथे नाही. जी कॉलेजलाच भरणे सक्तीचे असते त्याखेरीज पुस्तकांची किंमतही तिच्यात धरली जात नाही. आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही की ती देय करापुरतीच चालते. कर शून्य असेल तर सूटही शून्य.

हे आकड्यांत मांडल्यावर अधिक स्पष्ट होईल. समजा, दोन मुलींनी कॉलेजचे प्रत्येकी दोन विषय घेतले आणि दोघींच्याही पालकांनी ६०० डॉलर फी भरली. पहिलीचे आईवडील मिळून दीड लक्ष डॉलर कमावतात. पतिपत्नींनी एकत्र विवरण भरल्यास १,६०,००० डॉलर उत्पन्नापर्यंत पूर्ण सूट मिळते, त्यामुळे त्यांच्या करातून १२० डॉलर वजा होतील. दुसरीची आई एकटी आहे आणि एखाद्या उपाहारगृहात किमान वेतनावर राबते. अमेरिकेचे संघीय किमान वेतन २००९ पासून तासाला सव्वासात डॉलरवर गोठलेले आहे. आठवड्याला चाळीस तास आणि वर्षाचे बावन्न आठवडे एकही खाडा न करता काम केले, तरी तिची कमाई १५,०८० डॉलर होते. तिच्यासारख्या कुटुंबप्रमुखाला २०२५ साली २३,६२५ डॉलरची प्रमाणित वजावट होती. म्हणजे तिचे करपात्र उत्पन्न शून्य, प्राप्तिकर शून्य आणि म्हणून मुलीच्या फीवरील सूटही शून्य.

ती कर भरत नाही, मग तिला सूट कशाची द्यायची, असे यावर सांगितले जाते. पण ती कर भरते. तिच्या प्रत्येक डॉलरमधून सामाजिक सुरक्षा व वृद्धांच्या वैद्यकीय विम्यासाठी ७.६५ टक्के रक्कम पगार हाती येण्यापूर्वीच कापली जाते. वर्षाला ही रक्कम साडेअकराशे डॉलरहून अधिक होते. या कपातीला ना प्रमाणित वजावट लागू, ना शिक्षणाची सूट. याखेरीज बहुतेक राज्यांत दुकानात वस्तू घेताना विक्रीकर द्यावा लागतो तो वेगळाच. सूट नेमकी त्याच कराला जोडलेली आहे जो ती भरत नाही. आणि जो ती भरते, त्याला कोणतीही सूट जोडलेली नाही.

कराच्या कायद्यातून होणारा असा खर्च ‘करखर्च’ या नावाने ओळखला जावा, हा आग्रह धरला तो स्टॅन्ली सरी या करतज्ज्ञाने. १९६१ ते १९६९ या काळात ते अमेरिकी अर्थखात्यात करधोरणाचे प्रमुख होते. सरकारने तिजोरीतून शंभर डॉलर काढून दिले काय किंवा येणारे शंभर डॉलर घेतले नाहीत काय, तिजोरीवरचा परिणाम सारखाच, हा त्यांचा मुद्दा होता. त्यांच्याच प्रयत्नांतून १९६८ साली अशा खर्चाची पहिली यादी तयार झाली, आणि १९७४ च्या अर्थसंकल्पविषयक कायद्याने दरवर्षी ती देणे बंधनकारक केले. या दृष्टीने वरील सुटीकडे पाहिले की तिचे खरे रूप उघडे पडते. उद्या शिक्षणखात्याने अशी योजना जाहीर केली की दीड लक्ष डॉलर कमावणाऱ्या कुटुंबाला १२० डॉलर अनुदान मिळेल आणि पंधरा हजार कमावणाऱ्या विधवेला काहीही मिळणार नाही, तर ती जाहीर करणारा मंत्री दुसऱ्या दिवशी खुर्चीवर राहणार नाही. तीच योजना करकायद्याच्या पोटात शिरली की मात्र ती मध्यमवर्गाला दिलासा ठरते आणि दोन्ही पक्ष तिच्यावर हक्क सांगतात.

याला कारण आहे. अनुदानासाठी दरवर्षी कायदेमंडळासमोर तरतूद मागावी लागते. ती चर्चेत येते, कापली जाते, वर्तमानपत्रांत गाजते. करसूट एकदा कायद्यात शिरली की मुकाट्याने चालत राहते. तिचा विचारही शिक्षण समितीत होत नाही. तो कर ठरवणाऱ्या समित्यांत होतो आणि तिथे शिक्षकांचे वा विद्यार्थ्यांचे कोणी नसते. याद्या छापल्या जातात हे खरे, पण यादी वाचून कोणाची झोप उडाल्याचे दिसत नाही.

येथे एक आक्षेप विचारात घेणे भाग आहे. डाव्या विचाराच्या माणसांतही असे म्हणणारे भेटतात की अर्धी भाकरी का नाकारावी? ‘लाइफटाइम’ सूट वाईट असेल, पण ‘अमेरिकन ऑपॉर्च्युनिटी’ सुटीतील चाळीस टक्के रक्कम, कमाल १,००० डॉलर, कर शून्य असला तरी रोख मिळते. मग हीच सूट शाळकरी विद्यार्थ्यांना लागू करा, पदवीची अट काढून टाका, म्हणजे झाले. हा युक्तिवाद सद्‌भावनेचा आहे, म्हणून तो नीट तपासला पाहिजे. पुन्हा त्याच दोन मुली घेऊ. सहाशे डॉलरच्या फीवर पहिलीच्या घरी पूर्ण सहाशे डॉलर परत येतील. दुसरीच्या घरी येतील त्याच्या चाळीस टक्के, म्हणजे २४० डॉलर. गरिबाला काहीतरी मिळाले हे खरे; पण श्रीमंत शेजाऱ्याला मिळाले त्याच्या निम्म्याहूनही कमी मिळाले. शिवाय ही सूट एका विद्यार्थ्यामागे फक्त चार करवर्षे घेता येते. अकरावीत सहाशे डॉलरसाठी एक वर्ष खर्ची पडले, तर पुढे पदवीच्या काळात, जेव्हा फी हजारांत असते, अडीच हजारांच्या सुटीचे एक वर्ष कमी उरेल. नियम न बदलता ही सूट खाली शाळेपर्यंत ओढली तर गरीब पालक आजच्या लहान सुटीच्या मोहात उद्याची मोठी सूट घालवून बसतील. हा हिशेब हाताशी सल्लागार असलेल्या कुटुंबाला कळेल. उपाहारगृहात राबणाऱ्या आईला तो कोण समजावून सांगणार?

आणि समजा, हेही सगळे दुरुस्त केले, तरी एक दोष राहतोच. फी भरायची ती ऑगस्टच्या अखेरीस, आणि सूट हाती येते ती पुढल्या वर्षी विवरण भरल्यानंतर, फेब्रुवारी ते एप्रिलच्या दरम्यान. ज्याच्याजवळ ऑगस्टमध्ये सहाशे डॉलर नाहीत, त्याच्या दृष्टीने हे वरातीमागून घोडे होय. जॉर्ज बुलमन आणि कॅरोलिन हॉक्सबी या अर्थतज्ज्ञांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात करखात्याचीच दप्तरे तपासली. शिक्षणविषयक करसुटींमुळे कॉलेजात जाणाऱ्यांच्या संख्येवर पडलेला परिणाम नगण्य असल्याचा निष्कर्ष त्यांनी काढला. हॉक्सबी यांना कोणी समाजवादी म्हणणार नाही. बाजाराच्या गुणांवर त्यांचा पुरेसा विश्वास आहे. त्यांच्यासारखीनेच हा निष्कर्ष काढावा, याला महत्त्व आहे. जी मुले कॉलेजात जाणारच होती, त्यांच्या पालकांना सरकारने बक्षीस दिले, इतकाच या निष्कर्षाचा अर्थ होतो.

दुहेरी प्रवेश मुळात कोणाच्या वाट्याला येतो, हेही पाहिले पाहिजे. २००९ साली नववीत असलेल्या विद्यार्थ्यांच्या राष्ट्रीय पाहणीत असे आढळले की सुमारे ३४ टक्के मुलांनी शाळेत असताना कॉलेजचा एखादा विषय घेतला होता. पण ज्यांच्या आईवडिलांपैकी कोणी पदवीधर होते त्यांच्यात हे प्रमाण ४२ टक्के होते, तर ज्यांच्या आईवडिलांनी शाळाही पूर्ण केली नव्हती त्यांच्यात २६ टक्के. गोऱ्या मुलांत ३८ टक्के, कृष्णवर्णीय मुलांत २७. पूल सर्वांसाठी असला तरी त्याच्या तोंडाशी कोण राहतो, यावर तो ओलांडणारे ठरतात. त्यात शिक्षकांचा प्रश्न निराळाच. शाळेत बसून कॉलेजचा विषय शिकवायचा तर शिक्षकाकडे पदव्युत्तर पदवी आणि त्या विषयातील अठरा श्रेयांक हवेत, असे मध्य अमेरिकेतील बहुसंख्य कॉलेजांना मान्यता देणाऱ्या ‘हायर लर्निंग कमिशन’ने २०१५ मध्ये स्पष्ट केले. खेड्यांतील आणि गरीब वस्त्यांतील शाळांना असे शिक्षक आणायचे कोठून हा पेच पडला, आणि पुढे त्या नियमाची ताठरता कमी करावी लागली. जिथे शिक्षकच नाही तिथे कराची सूट शंभर टक्के केली तरी कोणता विषय शिकवला जाणार?

गरीब विद्यार्थ्यांसाठी अमेरिकेत ‘पेल’ अनुदान आहे. २०२५-२६ साठी त्याची कमाल मर्यादा ७,३९५ डॉलर होती. ते कराशी जोडलेले नाही, आणि सत्राच्या आरंभीच कॉलेजच्या खात्यात जमा होते. परंतु माध्यमिक शाळेत दाखल असलेल्या विद्यार्थ्याला ते देता येत नाही, अशी कायद्यात स्पष्ट बंदी आहे. अध्यक्ष ओबामा यांच्या शासनाने २०१६ साली ४४ कॉलेजांत प्रयोग म्हणून ही बंदी शिथिल केली. सुमारे दहा हजार शाळकरी विद्यार्थ्यांना वर्षाला दोन कोटी डॉलर मिळतील, असा अंदाज होता. प्रयोग प्रयोगच राहिला. त्यातही अडचण होतीच, कारण पेल अनुदान आयुष्यात बारा सत्रांपुरतेच मिळते आणि शाळेतले प्रत्येक सत्र त्यातून वजा होते. परंतु बंदीचा अर्थ ध्यानात घेण्यासारखा आहे. गरिबाला फी आधी देणारे साधन शाळेच्या दाराशी अडवले जाते. पैसेवाल्याला फी मागाहून परत करणारे साधन तिथूनच आत सोडले जाते.

आणि २०२५ साली तर यावर कळस चढला. ४ जुलैला संमत झालेल्या मोठ्या करविषयक कायद्याने ‘पाचशे एकोणतीस’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शिक्षणबचत खात्यांतून कॉलेजच्या दुहेरी प्रवेशाची फी भरण्यास मुभा दिली. या खात्यात टाकलेला पैसा वाढतो, आणि शिक्षणासाठी काढल्यास त्या वाढीवर संघीय कर लागत नाही. वरच्या सुटींना निदान उत्पन्नाची कमाल मर्यादा आहे. पतिपत्नींचे मिळून १,८०,००० डॉलरच्या वर उत्पन्न गेले की त्या बंद होतात. या खात्यांना अशी कोणतीही मर्यादा नाही. शालेय खर्चासाठी वर्षाला काढता येणारी रक्कमही २०२६ पासून दहा हजारांवरून वीस हजार डॉलर झाली. पंधरा हजार कमावणारी आई वीस हजारांची बचत कोठून काढणार, हा प्रश्न कायदा करणाऱ्यांना पडला नाही. ज्यांच्यासाठी कायदा होता त्यांना तो पडण्याचे कारणही नव्हते.

याच कायद्यातील दुसरे एक कलम आपल्याकडील अनेक घरांशी थेट संबंधित आहे. २०२६ या करवर्षापासून शिक्षणविषयक करसुटी घेण्यासाठी करदात्याकडे आणि विद्यार्थ्याकडेही सामाजिक सुरक्षा क्रमांक असला पाहिजे. ‘एच-वन-बी’ परवान्यावर गेलेल्या अभियंत्याला असा क्रमांक मिळतो. त्याच्याबरोबर ‘एच-फोर’ परवान्यावर गेलेल्या मुलांना सामान्यतः मिळत नाही. पुण्या-मुंबईहून गेलेला संगणक अभियंता तिकडे सर्व कर भरेल, आणि त्याची अकरावीतली मुलगी कम्युनिटी कॉलेजात गणिताचा विषय घेईल, पण तिच्या फीवर सूट मिळणार नाही. दोघेही कमावते असले तर उत्पन्न मर्यादेबाहेर जाऊन सूट आधीच गेलेली असते हे खरे. तेव्हा या वर्गासाठी अश्रू ढाळण्याची गरज नाही. खरा फटका बसणार आहे तो अल्पवेतनावर राबणाऱ्या, कागदपत्रे नसलेल्या मेक्सिकन वा मध्य अमेरिकी कुटुंबांना. तीही कर भरतात, परंतु कायद्याच्या लेखी त्यांची मुले मोजण्यालायक नाहीत.

पर्याय काय, असे विचारणाऱ्यांना परदेशी उदाहरणे शोधत जाण्याची गरज नाही. अमेरिकेतच ती आहेत. मिनेसोटा राज्याने १९८५ साली, रूडी पर्पिच राज्यपाल असताना, कायदा करून अकरावी-बारावीच्या मुलांना कॉलेजात शिकण्याची मुभा दिली. फी आणि पुस्तके यांचा खर्च राज्याने उचलला, आणि गरीब कुटुंबांना कॉलेजपर्यंतच्या प्रवासखर्चाचीही भरपाई ठेवली. यात सगळे गोड होते असे नाही. विद्यार्थी कॉलेजात गेला की त्याच्यामागचे सरकारी अनुदान शाळेकडून कॉलेजकडे जाते. वर्गातून पाच मुले गेली तरी शिक्षकाचा पगार आणि शाळेचा दिवा-पंखा तेवढाच राहतो. छोट्या शाळांची ही तक्रार खरी आहे, आणि तिला उत्तर न देता दुहेरी प्रवेशाचे पोवाडे गाणारे लोक नकळत सार्वजनिक शाळेची मुळे सैल करतात. उत्तर आहे ते शाळा आणि कॉलेज या दोघांनाही पैसा देण्याचे. ते महाग आहे, पण करसुटीच्या मार्गाने जाणारा पैसा फुकटचा असतो असा समज असलेल्यांनाच ते महाग वाटेल. वॉशिंग्टन राज्याने १९९० च्या सुमारास ‘रनिंग स्टार्ट’ योजनेत शाळकरी मुलांना कॉलेजची शिकवणी-फी माफ केली. पुढे २०२३ मध्ये शाळेतच शिकवल्या जाणाऱ्या कॉलेज-विषयांची फीही रद्द केली. कॅलिफोर्नियाने २०१५ च्या कायद्याने शाळा व कम्युनिटी कॉलेजे यांच्यात करार करून मुलांना विनाशुल्क शिकवण्याची व्यवस्था केली.

आपल्याकडील कार्यकर्त्यांनी या प्रकरणाकडे परक्याचे भांडण म्हणून पाहू नये. १९६१ च्या आपल्या प्राप्तिकर कायद्यातील ‘८०-सी’ कलमाखाली दोन मुलांच्या शिकवणी-फीवर वजावट मिळत आली आहे. अमेरिकेतील सूट करातून वजा होते, तर आपली वजावट उत्पन्नातून. म्हणून ती अधिकच विषम. जो तीस टक्क्यांच्या पायरीवर आहे त्याचे शंभर रुपयांमागे तीस वाचतात, पाच टक्क्यांच्या पायरीवरील कारकुनाचे पाच, आणि शेतमजुराचा प्रश्नच उद्‌भवत नाही, कारण त्याची मुले जिथे शिकतात तिथे फीऐवजी शिक्षकांचीच वानवा असते. सोडून दिलेल्या महसुलाचे विवरण २००६-०७ च्या अर्थसंकल्पापासून आपल्या संसदेतही मांडले जाऊ लागले. शिक्षणावरील खर्च वाढवण्याची मागणी आली की तिजोरीत पैसा नाही असे सांगणाऱ्यांना हे विवरण समोर धरून प्रश्न विचारण्याचे काम कार्यकर्त्यांनी अद्याप पुरेसे केलेले नाही. नव्या करप्रणालीत या वजावटी नाहीत, हे स्वागतार्ह. पण वजावटी गेल्यामुळे वाचलेला पैसा जिल्हा परिषदेच्या शाळेत गेला काय, हे कोणी विचारल्याचे ऐकिवात नाही.

अमेरिकेत तेराव्या-चौदाव्या वर्षाचा मुद्दा अजून मिटलेला नाही. जानेवारी २०१५ मध्ये ओबामांनी दोन वर्षे विनाशुल्क कम्युनिटी कॉलेजची योजना मांडली. ती कायदेमंडळात अडली. २०२१ साली अध्यक्ष बायडेन यांच्या मोठ्या सामाजिक विधेयकात ती पुन्हा आली, आणि त्यांच्याच पक्षातील दोनचार सदस्यांना खर्च न परवडल्यामुळे ऑक्टोबरमध्ये गळली. करसुटींना मात्र या सगळ्या वर्षांत कोणी हात लावला नाही.

या पार्श्वभूमीवर टेक्साससारख्या, डाव्यांचे नावही न घेणाऱ्या राज्याने २०२३ साली केलेली गोष्ट पाहण्यासारखी आहे. तिथल्या कायदेमंडळाने सामुदायिक महाविद्यालयांच्या अनुदानाची पद्धत बदलताना अशी तरतूद केली की सहभागी कॉलेजांनी गरीब घरच्या शाळकरी मुलांकडून दुहेरी प्रवेशाची फी घ्यायची नाही. राज्य ती कॉलेजला भरून देईल. गरीब कोण, हे ठरवण्यासाठी उत्पन्नाचा दाखला, करविवरण, ८८६३ क्रमांकाचा नमुना, काहीही मागितले नाही. ज्या मुलाला गेल्या चार वर्षांत केव्हाही शाळेत मोफत वा सवलतीचे दुपारचे जेवण मिळण्याची पात्रता होती, ते मूल पात्र. त्यासाठी आईला नवा अर्ज भरावा लागत नाही. जेवणाची यादी शाळेच्या कार्यालयात आधीपासूनच असते.